मिरगाची वाट बघत बसू नका

आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सगळी तयारी अजून मिरगावरच बांधलेली असते, म्हणजे ७-८ जूनच्या आत कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची, आणि पंचायतीची गटारं पण त्याच हिशेबाने मेच्या शेवटाला साफ होतात. पण २०२५ ला काय झालं आठवतंय ना, मान्सून केरळात २४ मेला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी गोव्यात, आणि त्याच्या आधीपासूनच आपल्याला झोडपायला सुरुवात झाली होती. कोकमाची सोलां वाळत घातलेली, मिरची अंगणात, काजूच्या बागेत शेवटचे बोंडू गोळा करायचे बाकी आणि वर आभाळ फाटलेलं. त्याच्याही आधी २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ १५-१६ मेला आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं विजेच्या तारांवर पडून किती गावं काळोखात होती ते कोण विसरलं असेल असं वाटत नाही. तरी गटारं आणि तारांवरच्या फांद्या अजून मेअखेरच. मला याचा खरंच राग येतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पुरण शेतीवाल्यांसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हादईच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या पात्रातच पाऊस संपल्यावर बांध घालून भात करतात आणि नदी परत भरायच्या आत कापून घेतात, पिढ्यानपिढ्या चाललंय हे. आता पाऊस आठ-पंधरा दिवस जरी आधी आला तरी पीक नदीच्या पात्रातच उभं असतं, माणूसही तिथेच कापणीला वाकलेला असतो. आणि पाणी येतं ते आपल्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, वर सुर्ल, चोर्ला बाजूला सह्याद्रीवर पडलेलं असतं, खाली आपल्याकडे ऊन सुद्धा असू शकतं. व्हाळाचं म्हणजे ओढ्याचं पाणी एकदम गढूळ लाल झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, वरच्या अंगाला आवाज बदलला की कोयता तिथेच टाकून काठावर यायचं, पेंढ्या नंतर बघता येतील.

आता विजेचं. जुलैच्या मुसळधार पावसात आपल्याकडे गडगडाट तसा कमीच, खरा धोका एप्रिल-मेमध्ये आणि मग पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये. दिवसभर जमीन तापते, समुद्रावरून दमट वारा आत येतो, तो घाटाला धडकून वर चढतो आणि दुपारी तीन-चारला डोंगरामागे ते काळे मनोरे दिसायला लागतात, हे ढग १२-१५ किलोमीटर उंच जातात. आणि नेमकं त्याच वेळेला आपली माणसं बागेत, गुरांमागे, नदीवर असतात. पाऊस सुरू झाला की सगळे पळतात ते आंब्याखाली किंवा माडाखाली, आणि तीच सगळ्यात वाईट जागा. वीज पाऊस पडतोय तिथेच पडते असं पण नाही, ढगापासून १० किलोमीटर लांब सुद्धा पडते, म्हणून गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत असंच धरायचं. पक्क्या घरात जा नाहीतर काचा बंद करून गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. ज्याला वीज लागली त्याला हात लावला तर आपल्याला झटका बसतो असं अजून लोक मानतात, ते साफ खोटं आहे, अंगात वीज राहत नाही, श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा, माणूस वाचू शकतो.

फोनवर दामिनी नावाचं ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज पण बघायची सवय लावा, येलो-ऑरेंज म्हटलं की आपण "रोजचंच" म्हणून सोडून देतो ते बरं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ॲप जमणार नाही, त्यांना आपणच सांगायचं, "आई, आज दुपारनंतर बागेत जाऊ नको."

पुराचं म्हणाल तर २३ जुलै २०२१ ला म्हादई घरात घुसली तेव्हा १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्रीच म्हणाले होते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी नदीच्या पाण्याने साळ, इब्रामपूर, चांदेल या गावांचं काय केलं तेही ताजंच आहे. दोन्ही वेळा पाणी वरूनच आलं. म्हणून यंदा आमच्या वाड्यावर आम्ही एक गोष्ट ठरवलीय, मे महिना लागला की वरच्या गावातल्या ओळखीच्या दोघा-तिघांचे नंबर घराघरात भिंतीवर लिहून ठेवायचे, वर व्हाळ लाल झाला की त्यांनी खाली फोन करायचा, मेसेज नाही, फोन, कारण रेंज गेली की मेसेज पोचत नाही आणि रात्री कोण बघतंय. फोन लागला नाही तर बाईक घेऊन यायचं. चरावणे आणि हिवरे बाजूच्या लोकांशी बोलणं झालंय, सुर्लच्या बाजूचं अजून कोणी मिळालेलं नाही, तुमचं कोणी नातेवाईक तिकडे असेल तर कळवा, एप्रिलच्या आत हे जुळवायचं आहे.