पावतीपुस्तक ते पायथन

२०११ च्या सप्टेंबरात पायकॉन इंडिया, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची परिषद, पुण्यात भरली, तेव्हा मी नुसता श्रोता होतो. गणपती विसर्जन होऊन आठवडाही उलटला नव्हता. पुढे आम्ही मित्रांनी स्वतःची एक दिवसाची परिषद घेतली आणि गणेश मंडळातला वर्गणीचा अनुभव कामी आला. प्रायोजक म्हणजे वर्गणीदारच की, फक्त ते इन्व्हॉइस मागतात!

घाम काढला तो टी-शर्टांनी. नोंदणी अर्जात साइज विचारायचं मीच विसरलो. अंदाजाने मागवले. अकरा वाजेपर्यंत ‘लार्ज’ संपले, ‘स्मॉल’चा ढीग तसाच. दुपारी एका वक्त्याच्या लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआय पोर्टच निघालं नाही. अडॅप्टरसाठी एकाला स्कूटरवर पिटाळलं. तोवर मी माइक धरून चहाची घोषणा तीनदा केली. चहा आलाच नव्हता.

ते ‘स्मॉल’ अजून माझ्या माळ्यावर आहेत. आई त्यांनी ओटा पुसते.