भुसावळचा रविवार बाजार आणि हरवलेली स्कूटी

जावई पिशव्या घेऊन बाजारात जाणार म्हटल्यावर सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "लोक काय म्हणतील?" एवढंच म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की मी पोळी न खाताच उठलो. खरं तर माझीच हौस. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर बसून आलो ते भरितासाठी, जानेवारी महिना, संध्याकाळी गच्चीवर पंधरा-वीस माणसं जेवायला, आणि वांगी आणायला साले साहेबांना वेळ नाही. मग म्हटलं मी जातो, त्यात काय एवढं.

त्यात बरंच काही होतं.

सासरे रेल्वेतून रिटायर झालेत, आणि भुसावळात रेल्वेचा माणूस पत्ता सांगतो तेव्हा डावं-उजवं नसतं. "लसणाची मेन लाइन पकडा. ती सोडायची नाही. पुढे मिरच्या दिसल्या की लाइन फुटते, एक जाते भांड्यांकडे, एक वांग्यांकडे. सुक्या बोंबलाचा वास आला तर समजा सिग्नल ओलांडला, मागे फिरा." मी हसलो. इथे म्हणे गाडी नागपूरकडे जाणार की खंडव्याकडे ते ठरतं, त्यामुळे त्यांना सगळ्या जगातच जंक्शनं दिसतात असं मला आपलं वाटलं.

सकाळी साडेआठला स्कूटी काढली. बाजाराशेजारच्या एका गल्लीत लावली, गल्ली अगदी मोकळी, एक झोपलेलं कुत्रं आणि एक बंद पानटपरी. टपरीवरची निळी पाटी लक्षात ठेवली, मोबाईलवर लोकेशनची पिन पण टाकली. एवढी अक्कल पुण्यात कमावलेली असते.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मजेत गेली. मग मात्र मान वर करून पाहिलं तर दुकानांच्या पाट्याच गायब! ताडपत्र्या, जुन्या साड्या, फ्लेक्सचे तुकडे, सगळं एकमेकांना सुतळीने बांधलेलं, कुठल्या तरी नगरसेवकाचं हसरं तोंड डोक्यावर उलटं लटकतंय आणि त्याच्याखाली आले-लसूण. मोबाईल काढला तर अख्खा बाजार त्या निळ्या ठिपक्याच्या आत मावलेला, म्हणजे मी बाजारात आहे एवढं कळत होतं, ते मला तसंही कळत होतं. बायकोला फोन लावला, ती काय बोलली ते ऐकूच आलं नाही कारण शेजारी एकाने स्पीकरवर "चाळीसला दोन, चाळीसला दोन" रेकॉर्ड करून लावलेलं, काय चाळीसला दोन ते मात्र त्यात कुठेच नाही.

शेवटी सासऱ्यांचीच पद्धत कामाला आली. इथे पाटी नसली तरी प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते. लसूणवाला आज लसणात बसला तर पुढच्या रविवारीही तिथेच बसणार, त्याच्या शेजारीही लसूणवालाच, आणि पावती फाडायला येणाऱ्या माणसालाही ते पाठ. म्हणून रस्ता विचारायचा तर माल विचारायचा. "अमुक चौक कुठे" विचारलं की लोक तोंडाकडे बघतात, "बिबडे कुठे" विचारलं की तिघं एकदम हात दाखवतात, आणि तिघांचेही हात एकाच दिशेला. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पुण्यात मला ते समजावून सांगावे लागतात. भाषेचं पण तसंच, एकाच टोपलीपाशी लेवा बोली, हिंदी, मधेच अहिराणी, रेल्वेमुळे कुठकुठची माणसं इथे येऊन राहिलेली, भाव मात्र सगळ्यांना सगळ्या भाषेत कळतो.

मिरच्यांपाशी लाइन फुटली. मी चुकीची पकडली आणि खापराच्या ढिगाऱ्यापुढे आलो. काळी, मातीची, उलट्या कढईसारखी खापरं, यांच्यावर मांडे भाजतात, पुरणाचे, हाताच्या कोपरापर्यंत येतात एवढे. एक बाई बोटाच्या पेराने एकेक खापर वाजवून कान देऊन ऐकत होती. टण्ण वाजलं ते बाजूला, बद्द वाजलं ते परत. सात वाजवली, एक घेतलं. मी पण एक वाजवून पाहिलं, दोन्ही आवाज मला सारखेच वाटले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं काढून ठेवलं, काही न बोलता.

परत फिरून वांगी. आणि इथे मी जरा थांबतो, कारण ज्यांनी फक्त काळं जांभळं वांगं पाहिलंय त्यांना हे सांगायलाच पाहिजे. भरिताचं वांगं हिरवं असतं, फिक्कट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आणि चांगलं मोठं. जळगावच्या या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केळीला मिळालंय तसंच, पण बाजारात जीआय कोणी विचारत नाही, "बामणोदचं आहे का" विचारतात, बामणोद म्हणजे या वांग्यांसाठी नावाजलेलं गाव. मी अंगठ्याने दाबून पाहायला लागलो तर वांगीवाल्या मावशी ओरडल्याच, "दाबू नका ना भाऊ! हातात धरून पहा. एवढं मोठं असून हलकं लागलं त घ्या, बिया कमी." दोन वांगी दिली दोन्ही हातात, दिसायला जुळी. उजवं खरंच हलकं. आयुष्यात पहिल्यांदा मला वांग्यातलं काहीतरी कळलं. सहा किलो घेतली, भावात घासाघीस केली नाही, धाडसच झालं नाही. वर दोन मूठ हिरव्या मिरच्या त्यांनीच टाकल्या, "लाल तिखट घालू नका बरं त्यात" असं बजावून. हे माझं पुणेरी तोंड बघून असणार.

मेहरूणची बोरं घेतली पाव किलो, ती चालता चालता संपली.

साडेअकराला परत निघालो, दोन्ही हातांत पिशव्या, बंद कापायला लागलेले, आणि मग बोंबलाचा वास आला. सिग्नल ओलांडला होता. मागे फिरलो, लसूण पकडला, शेवटापर्यंत गेलो, गल्ली सापडली. म्हणजे गल्ली होती, पण ती गल्ली नव्हती. सकाळी मोकळी होती तिथे आता दोन्ही बाजूंनी पथाऱ्या, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. टपरी उघडलेली आणि उघडल्यावर निळी पाटी आत गेलेली. तीन चकरा मारल्या. चोरीला गेली असंच मनात आलं, सासऱ्यांची स्कूटी, आणि सासूबाईंचं ते "लोक काय म्हणतील".

टपरीवाल्याला विचारलं, तर त्याने पानाला चुना लावता लावता हनुवटीने समोर दाखवलं. समोर कांद्याच्या पातीचा ढीग. नीट पाहिलं तर ढिगाला आरसा होता.

सीटवर ओलं पोतं, त्यावर पातीच्या जुड्या रचलेल्या, हँडलला प्लॅस्टिकच्या पिशव्या, फूटबोर्डावर वजनं. मागे बसलेल्या आजी अजिबात गडबडल्या नाहीत. "तुमची का? बरं झालं उभी होती, खाली ठेवली असती त जुड्या चिखलात गेल्या असत्या."

तेव्हा आठवलं, यादीत शेवटी कांद्याची पात होती आणि मी ती घेतलीच नव्हती. चार जुड्या घेतल्या, माझ्याच सीटवरून. आजींनी एक जुडी वर दिली, पोतं काढलं, सीट पदराने पुसली.

"पुढच्या रविवारी पन इथीच लावा भाऊ."