सहामाही, वासे आणि सात मेगाहर्ट्‌झ

सहामाही परीक्षा आणि 'जोटा' यांचं काय वैर होतं कोण जाणे! ऑक्टोबर लागला, की फळ्याच्या एका कोपऱ्यात परीक्षेचं वेळापत्रक आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्काउटच्या सरांची सूचना: शनिवारी सकाळी सहा वाजता, तळजाई, डबा व पाण्याची बाटली आणणे. सोमवारी भूमितीचा पेपर. घरी काय बोलणी बसायची, ते सांगायला नको. तरी झाडून सगळे यायचे.

जोटा म्हणजे 'जांबोरी ऑन द एअर'. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरच्या स्काउट-गाईडनी हौशी रेडिओवरून, म्हणजे 'हॅम' रेडिओवरून, एकमेकांना गाठायचं. १९५७ साली इंग्लंडमध्ये जागतिक जांबोरी भरली होती, तिथे ही कल्पना निघाली आणि पुढच्या वर्षापासून प्रत्यक्षात आली. रेडिओवर बोलायला सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. आमच्यात तो फक्त काकांकडे होता. काका म्हणजे शाळेचेच माजी विद्यार्थी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सेट त्यांचा, कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव) त्यांचं, जबाबदारीही त्यांचीच. आम्ही शेजारी बसून, ते मान डोलावतील तेव्हाच माइक हातात घ्यायचा.

पूर्वी हे सगळं शाळेच्या प्रयोगशाळेतच व्हायचं म्हणे. पण शाळा पुण्यातल्या पेठेत. ट्यूबलाइटचे चोक, शेजारच्या गिरणीची मोटर, गच्च्यांवरून गेलेल्या केबलच्या तारा, या सगळ्यांची खरखर सेटमध्ये इतकी यायची, की माणसाचा आवाज तिच्याखाली गाडला जायचा. काका एकदा सेट घेऊन तळजाईच्या पठारावर गेले आणि तीच खरखर एकदम खाली बसली. तेव्हापासून वनखात्याची परवानगी काढून आमचा मेळावा टेकडीवर. हा फरक ज्याने एकदा कानांनी ऐकलाय, तो शहरात खिडकीला तारा बांधायच्या फंदात पुन्हा पडत नाही.

गणपती नुकतेच होऊन गेलेले असायचे. त्यामुळे शाळेजवळच्या मंडळाच्या मांडवाचे वासे आणि सुतळीची बंडलं मोकळी असत. कार्यकर्ते टेम्पोत घालून द्यायचे, "मोजून परत आणा" अशी तंबी देऊन. दोन वासे एकावर एक बांधले की पंचवीसेक फुटांचा खांब होई. तो उभा करायला दहा जण लागत आणि सूचना द्यायला चाळीस. अँटेना म्हणजे तपकीर गल्लीतून आणलेली तांब्याची तार: ४० मीटरच्या बँडसाठी, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींसाठी, एकूण साधारण ६६ फूट, खांबाच्या दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, त्यांतून सुतळी, आणि सुतळी गिरिपुष्पाच्या झाडांना. टोकं डोक्याच्या वर राहिलीच पाहिजेत, कारण माइकचं बटण दाबलं की तिथे विजेचा चांगलाच दाब असतो आणि हात लागला तर भाजतं. म्हणून तिथे लाल चिंधी बांधायची.

मग तार जुळवणं, म्हणजे तिची लांबी बँडला बरोबर बसवणं. काका मीटरकडे बघत ओरडायचे, "डावीकडे बोटभर!" तार कापायची नाही, टोकाशी मुडपून पिळायची, हा त्यांचा दंडक; कापलेली तार वाढत नाही. हे काम गाईडच्या मुलींकडे असे, कारण आमच्या हातात पक्कड आली की काहीतरी तुटायचंच. मुडपा, वर ओढा, मीटर बघा, परत खाली घ्या. तासभर सहज जायचा आणि तोवर पोह्यांचा डबा रिकामा झालेला असायचा.

लांबवर बोलायचं तर तार साधारण अर्ध्या तरंगलांबीइतकी उंच हवी; या बँडवर ती म्हणजे वीस मीटर. तेवढ्या उंचीवर तार चढवणं मांडवाच्या वाशांना कुठलं जमायला! पण बुटक्या अँटेनाचा बराचसा सिग्नल सरळ आकाशात जातो आणि वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनावरणावरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत उतरतो. त्यामुळे सकाळी आसपासची गावं भराभर मिळायची. "सीक्यू जांबोरी, सीक्यू जांबोरी" ('सीक्यू' म्हणजे कोणीही उत्तर द्या) असा पुकारा केला, की कोणीतरी उत्तर देई आणि चाळीस पोरं एकदम गप्प. भर दुपारी बँड मरगळायचा. संध्याकाळी मात्र लांबचे आवाज वर येऊ लागायचे, आधी पूर्वेकडचे, कारण तिकडे अंधार लवकर पडतो. आणि नेमकी तेव्हाच वॉचमनची शिट्टी, बंद करा म्हणून.

फिरायला येणाऱ्यांचा वेगळाच कार्यक्रम. "मोबाइलचा टॉवर का? विरोध आहे आमचा!" असं म्हणत थांबलेले एक आजोबा नंतर दरवर्षी खुर्ची घेऊन येऊ लागले आणि खांब कुठे रोवावा हे सांगू लागले. पुण्यात याला सहकार्य म्हणतात.

नावातल्या प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक ठरलेला शब्द उच्चारून नाव सांगायची पद्धत आम्हाला आधी निव्वळ गंमत वाटायची. कुलकर्णी आडनावाचा मुलगा उभा राहून "किलो, युनिफॉर्म, लिमा, किलो, अल्फा, रोमिओ, नोव्हेंबर, इंडिया" असं म्हणू लागला, की मागे खसखस पिकायची. ती थांबली २००५ साली. आदल्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते, आणि त्सुनामी आली. फोन बंद पडले, तेव्हा याच रेडिओवरून माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. काकांनी हे सांगितलं आणि एवढंच विचारलं, "अशा वेळी नाव चुकलं तर?" त्या वर्षी सगळ्यांनी आपापली आडनावं पाठ केली.

नोंदवहीत वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहायची; आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. सकाळी सातचा संपर्क वहीत ०१३० असा पडे. या वजाबाकीवर जितकी भांडणं झाली, तितकी गणिताच्या तासाला झाली नसतील.

आमच्यातलाच एक जण आता परवानाधारक आहे आणि 'पार्क्स ऑन द एअर' नावाचा खेळ खेळतो. उद्यानात जाऊन रेडिओ लावायचा; यूटीसीच्या एका दिवसात दहा संपर्क झाले की ती मोहीम धरली जाते. आपल्याकडे ही तारीख पहाटे साडेपाचला बदलते. त्यामुळे पाचला टेकडी चढणाऱ्या पुणेकराला एका फेरीत दोन तारखा मारता येतील, असं त्याचं गणित आहे. त्याचा सगळा संसार एका पाठपिशवीत: पाच वॅटचा सेट, लिथियमची बॅटरी, गळाच्या काठीसारखा लांबणारा खांब. गेल्या ऑक्टोबरात त्याने तो मेळाव्याला आणला आणि एकट्याने दहा मिनिटांत अँटेना उभी केली.

सरांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "छान आहे," ते म्हणाले, "पण बाकीच्या चाळीस पोरांनी दिवसभर काय करायचं?"

यंदाही वासे मंडळाकडूनच यायचे आहेत. मागच्या वेळचा एक कमी भरला, असं त्यांचं म्हणणं आहे.