डिस्क आधी, कर्नल नंतर

19 तारीख, रात्री उशिरा

सीए सरांच्या ऑफिसमधला फाइल सर्व्हर दुपारपासून मधूनच अडायला लागला होता. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अर्धा मिनिट थिजायचं आणि मग काहीच न झाल्यासारखं पुन्हा चालायचं. उद्या 20 तारीख, म्हणजे जीएसटीच्या थ्री-बी या मासिक विवरणपत्राची शेवटची तारीख. "मॅडम, काय करायचं ते करा, पण सर्व्हर बंद नका करू," तिथल्या काकांनी फोन उचलल्या उचलल्या बजावलं.

अर्धा मिनिट म्हटल्यावरच संशय आला. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, साटा जोडणीच्या डिस्कला एका कमांडसाठी 30 सेकंदांची मुदत (टाइमआउट) देतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की लिंकच रिसेट करतो. लॉगमध्ये तेच होतं: तिसऱ्या डिस्कवर रीड टाइमआउट, हार्ड रिसेट, लिंक परत चालू. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले तुकडे) 8. हे आठ म्हणजे बहुधा 4096 बाइटचा एकच सेक्टर, 512 बाइटच्या मापाने मोजलेला. एवढ्याशा जागेपायी अख्खं ऑफिस खोळंबलं होतं.

चार डिस्कचा रेड-5 आहे, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकी तिघींवरून डेटा परत मिळेल अशी जोडणी (ॲरे), आणि चारही डिस्क साध्या डेस्कटॉपच्या. खरी मेख तिथे आहे. डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी कधी मिनिटभराहूनही जास्त. घरच्या पीसीत हा हट्ट योग्यच, कारण तिथे दुसरी प्रत नसते. रेडमध्ये मात्र डिस्कने लवकर हात वर करावेत हेच बरं. तिने एरर दिली की एमडी, म्हणजे लिनक्सचा रेड सांभाळणारा भाग, बाकीच्या तीन डिस्कवरून तो तुकडा पुन्हा तयार करतो आणि त्याच जागी लिहितो. लिहिताना डिस्कला ती जागा खरंच खराब वाटली, तर ती राखीव जागेतला सेक्टर वापरते. कुणाला काही करावं लागत नाही.

पण डिस्क अजून वाचण्यातच गुंतलेली असताना कर्नलचा धीर सुटला, तर सगळं फिसकटतं. रीड फसला म्हणून एमडी लिहायला जातो, डिस्क तेव्हाही ऐकत नाही, मग लिहिणंही फसतं आणि एका सेक्टरसाठी डिस्क ॲरेबाहेर जाते. रेड-5मध्ये त्यानंतर दुसऱ्या चुकीला जागा नसते.

म्हणून अशा वेळी मिळणारा "टाइमआउट वाढवून टाक" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. आधी डिस्कला विचारायचं. स्मार्टसीटीएल या कमांडने चौघींचं एससीटी ईआरसी पाहिलं, म्हणजे न वाचता येणाऱ्या सेक्टरवर डिस्कने किती वेळ झटायचं ती मर्यादा. पहिल्या दोघींना ते येतं, पण बंद होतं. उरलेल्या दोघींना येतच नाही, आणि दुखणी डिस्क नेमकी त्यांच्यातली. पहिल्या दोघींना 70 दिलं. एकक सेकंदाचा दहावा भाग असल्यामुळे हे 7 सेकंद होतात, तेव्हा त्यांच्यासाठी कर्नलचे 30 पुरेसे आहेत. बाकी दोघींसाठी मात्र सिसएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग जिथे फाइल म्हणून दिसतात तिथल्या) टाइमआउट फाइलमध्ये 180 लिहिलं. अनमाउंट नाही, रीस्टार्ट नाही. नव्या कमांडना नवा आकडा लगेच लागू होतो. आधीच सुटलेल्या कमांड जुन्याच हिशेबाने चालतात.

व्हीएमवेअर टूल्सही आभासी मशीनमधल्या (व्हीएम) लिनक्सला हेच 180 देतात, पण कारण वेगळं: मागचं स्टोरेज एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत व्हीएमने दम धरावा म्हणून. ॲमेझॉनच्या क्लाउडवर तर ईबीएस या स्टोरेज सेवेच्या एनव्हीएमई डिस्कसाठी 4294967295 सेकंद ठेवायला सांगतात. कागदावर ही 136 वर्षं होतात! तिथे ते चालतं, कारण डिस्कमागे दुसरी यंत्रणा उभी असते. इथे डिस्कमागे मी आणि काका.

180ची किंमतही आहे. आता अडलं तर अर्ध्या मिनिटाऐवजी तीन मिनिटंही अडू शकतं. काकांना तसं सांगितलं: "स्क्रीन थिजली तरी कुणी पॉवरचं बटण दाबायचं नाही." शिवाय एखादी प्रोसेस 120 सेकंद अडून राहिली की कर्नल लॉगमध्ये तक्रार करतो. ती नुसती तक्रारच असते, पण काही ठिकाणी त्यावर पॅनिक, म्हणजे अख्खी सिस्टिमच थांबवणं, लावून ठेवलेलं असतं. तसं असतं तर माझ्या 180च्या आत सर्व्हरच कोसळला असता. पाहिलं, तिथे शून्य होतं, म्हणजे पॅनिक बंद.

ऑफिस रिकामं झाल्यावर चालू वर्षाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि मगच ॲरेचा चेक (चारही डिस्क पूर्ण वाचून पडताळणं) सुरू केला. बराच वेळ आकडा सरळ पुढे जात होता, मग थांबला. डिस्कचा आवाज ऐकू येत नसताना लांबून हे बघणं फार वाईट. पण रिसेट झाला नाही. थोड्या वेळाने लॉगमध्ये ओळ आली: रीड एरर दुरुस्त, 8 सेक्टर. स्मार्टमध्ये पेंडिंग शून्य. चेक अजून 40 टक्क्यांवर आहे. सकाळी लोक यायच्या आधी संपला नाही तर वेगमर्यादा खाली आणेन.

180 रीबूटनंतर पुसलं जाईल, म्हणून यूडेव्हचा (डिस्क दिसली की सेटिंग आपोआप लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम आत्ताच लिहून टाकला. ईआरसीचं 70 बहुतेक डिस्क वीज गेली की विसरतात, त्यासाठी बूटला चालणारी छोटी स्क्रिप्ट. दोन्ही रीबूट करून तपासायचं राहिलंय, पण ते 20 तारखेनंतरच.

सरांना मेसेज केला की ईआरसी नसलेल्या दोन्ही डिस्क बदलून एनएएसच्या, म्हणजे रेडसाठी बनवलेल्या, घेऊ. एवढ्या रात्रीही लगेच उत्तर आलं: "कोटेशन पाठवा. बिल मात्र पुढच्या महिन्याच्या तारखेचं."