गोबरगॅस-डिझेल इंजिन: प्रज्वलनाच्या विलंबाचे मोजमाप

गोबरगॅस आणि डिझेल एकत्र जाळणाऱ्या माझ्या इंजिनावरच्या प्रयोगांच्या या टप्प्यात गॅसचे प्रमाण वाढवण्याचे काम बाजूला ठेवून मी एकच गोष्ट मोजली: नोझलमधून डिझेल सुटल्यापासून ते पेट घेईपर्यंत जाणारा वेळ. इंजिन पूर्वीचेच आहे, पाच हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे आणि १६.५ संपीडन गुणोत्तराचे (म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबून साडेसोळाव्या भागाइतकी होते). एअर फिल्टरच्या पुढे टी (तीन तोंडांचा नळीचा जोड) जोडून त्यातून गोबरगॅस आत घेतला जातो. या वेगाला क्रँकचा एक अंश म्हणजे सुमारे ०.११ मिलिसेकंद, हे पुढचे आकडे वाचताना ध्यानात असू द्यावे.

डिझेल सुटल्याचा दाब टिपण्यासाठी डिझेलच्या नळीवर चिमट्यासारखा बसणारा पायझो सेन्सर, पेट घेतल्याचा हादरा टिपण्यासाठी हेडच्या बोल्टखाली नॉक सेन्सर आणि फ्लायव्हीलवर टीडीसीची (पिस्टन सर्वात वर असतानाची) खूण टिपणारा चुंबकीय हॉल सेन्सर अशी मांडणी आहे. चिमटा नोझलच्या अगदी जवळ लावणे अत्यावश्यक आहे, कारण दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण १३०० ते १४०० मीटर वेगाने जाते आणि साठ सेंटिमीटर नळी पार करण्यातच चार अंश खर्ची पडतात. पंपाच्या बाजूला चिमटा लावून घेतलेल्या नोंदींची तुलना इतरांच्या नोंदींशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसत्या डिझेलवर विलंब दहा अंशांच्या आसपास राहिला. गॅस सोडताच गव्हर्नरने (इंजिनचा वेग कायम राखणाऱ्या यंत्रणेने) डिझेल कमी केले आणि हलक्या भारावर विलंब चौदा अंशांपर्यंत गेला. पाऊण भारावर मात्र बाराच्या पुढे सरकला नाही.

यामागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. गॅस हवेची जागा घेतो, म्हणून ऑक्सिजन कमी पडतो. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांची उष्णता धारण करण्याची क्षमता हवेपेक्षा जास्त असल्याने दाबलेले मिश्रण तितके तापत नाही. शिवाय डिझेलच्या पेटण्याची साखळी चालू ठेवणारे मूलक (अतिक्रियाशील रेणूखंड) मिथेन मधल्यामध्ये पकडून वापरतो. यांपैकी तापमानाचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. संपीडनाच्या सुरुवातीला ३२० केल्विन धरले, तर दाबताना तापमान किती चढेल ते ठरवणारा घातांक १.३५ असताना शेवटी सुमारे ८५३ केल्विन मिळतात, आणि तोच घातांक १.३३ वर उतरला की ८०७. विलंब तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्यामुळे तापमानातले हे पंचेचाळीसेक अंश फार महागात पडतात.

अशा वेळी पंपाखालची एखादी शिम (पातळ चकती) काढून टायमिंग पुढे घेण्याचा, म्हणजे डिझेल लवकर सोडण्याचा, उपाय बहुतेक जण सुचवतात. मला तो पहिला उपाय वाटत नाही: डिझेल लवकर सोडले तर ते आणखी थंड हवेत पडते आणि विलंब उलट वाढतो, शिवाय गॅस संपून इंजिन नुसत्या डिझेलवर आले की ठोका (इंधन एकदम पेटल्याचा खणखणाट) ऐकू येतो. त्याऐवजी सायलेन्सरच्या नळीभोवती पत्र्याचे आवरण घालून आत येणारी हवा वीस अंशांनी तापवली. वरच्याच हिशेबाने त्यातून संपीडनाच्या शेवटी सुमारे पन्नास अंश मिळतात, आणि प्रत्यक्षातही हलक्या भारावरचा विलंब बारा अंशांच्या जवळ आला. पूर्ण भारावर मात्र हीच गरम हवा गॅसला ठोक्याकडे ढकलते, म्हणून तेथे ती बंद ठेवावी लागते.

आता गरम आणि साध्या हवेच्या वाटांमध्ये एक झडप बसवून ती गव्हर्नरच्या दांडीला जोडायची आहे. तिचे माप ठरले की नोंदी येथे देईन.