तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लूबेरी नाही मिळाली तर?

‘बेरी खा, बेरी खा असं सगळेच सांगतात. आम्ही परभणीत. ब्लूबेरी आणायची कुठून आणि परवडायची कशी?’ हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर असं, की तिच्यामागे लागू नका. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामूची (पीएचची) आंबट माती लागते आणि आपली काळी जमीन बहुधा विम्लधर्मी, म्हणजे त्याच्या उलट, असते. म्हणजे ती लांबूनच येणार. तिचा फायदा आहे तो निळ्या-जांभळ्या रंगद्रव्यांचा आणि चोथ्याचा. क जीवनसत्त्व तिच्यात 100 ग्रॅमला जेमतेम 10 मिलिग्रॅम. स्ट्रॉबेरीत ते 60च्या आसपास असतं आणि आपल्या बोरात साधारण 70.

बोराला मी सगळ्यात वर ठेवते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, शेतात जाल तेव्हा बांधावर ते पिकायला लागलेलं असतं. बाईला दिवसाला 65 आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, म्हणजे उमराण जातीची तीन मोठी बोरं किंवा दीड मूठ रानबोरं खाल्ली की बहुतेक काम झालं. पण ती खायची कधी, हे महत्त्वाचं. ज्वारी-बाजरीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही, क जीवनसत्त्व त्याला वाट करून देतं. म्हणून बोरं दुपारी नुसती चघळण्यापेक्षा भाकरी-भाजीबरोबर खा. ज्या घरात लेकीसुनांचं हिमोग्लोबिन कमी आहे तिथे एवढा एक बदल जरूर करा. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. उन्हात वाळवलेल्या बोरात चोथा टिकतो, क जीवनसत्त्व बरंचसं उडून जातं.

बोर फोडून खा. फळमाशी कोवळ्या बोरात अंडी घालते आणि अळी आतला गर खात वाढते. वरून फक्त बारीकशी खोच दिसते, फोडल्यावर आठोळीभोवती तपकिरी भुसा निघतो. तसं बोर टाकून द्या, झाडाखाली पडलेलीही वेचून खोल पुरा, नाहीतर पुढच्या वर्षी माशी दुप्पट. पाच वर्षांखालच्या पोरांना आठोळी काढूनच द्यावं, कारण ती घशात अडकते.

जांभूळ मृगाच्या आगेमागे येतं. त्याचा रंग ब्लूबेरीच्याच कुळातला आहे, डेल्फिनिडिन आणि माल्व्हिडिन ही रंगद्रव्यं दोन्हीत सापडतात. माणसांवरचे अभ्यास मात्र ब्लूबेरीचे जास्त झालेत, जांभळाचे कमी, हे सांगायलाच हवं. साल आणि गर दोन्ही खा. गाळलेल्या रसात चोथा राहत नाही. तुरटपणा टॅनिनचा असतो आणि टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणून बोराच्या उलट, जांभूळ जेवणानंतर दोन तासांनी खा. मधुमेह असणाऱ्यांनीही वाटीभर खायला हरकत नाही, पण त्यातही साखर असतेच, ती दिवसाच्या हिशेबात धरा.

मधुमेहासाठी घेतात त्या जांभळाच्या बियांच्या पावडरीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. बिया धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायच्या, वरचं पापुद्र्यासारखं टरफल काढायचं, पुन्हा वाळवून दळायचं. ओल राहिली तर बुरशी धरते आणि अख्खा डबा वाया जातो. पण मधुमेहाची औषधं चालू असताना डॉक्टरांना न सांगता ती घेऊ नका. गोळी आणि पावडर मिळून रक्तातली साखर फार खाली गेली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात.

बालाघाटाच्या डोंगरातली करवंदं मे महिन्यात बाजारात येतात. ती पूर्ण काळी झालेलीच खा. कच्च्यात चीक असतो, तो ओठांना चिकटतो. कच्ची लोणच्याला ठेवा, मिठाच्या पाण्यात घातली की चीक बराच सुटतो.

तुतीचं वाईट वाटतं. जालना-बीडकडे रेशीम उद्योगासाठी एकरच्या एकर तुती उभी आहे, पण पाल्यासाठी फांद्या सारख्या कापल्या जातात आणि फळ पिकायला राहतच नाही. बांधाकडेची चार-पाच झाडं न छाटता सोडली तर घरापुरती फळं निघतात. सकाळी तोडा आणि त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवली की आंबतात.