सिमेंट रोडची उंची कागदावरच पकडा

नागपुरात सिमेंट रोडवरून भांडण पेटतं ते पहिल्या जोरदार पावसात, अंगणात पाणी शिरल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. रस्त्याची उंची काँक्रीट ओतताना ठरत नाही, अंदाजपत्रक तयार होतं तेव्हाच ठरते. नंतर झोन ऑफिससमोर कितीही घोषणा दिल्या, तरी ओतलेला रस्ता कोणी एक फूट खाली करून देत नाही.

हिशेब साधा आहे. गल्लीतल्या रस्त्याला वर २०० मिमीचा काँक्रीटचा थर आणि त्याखाली १०० ते १५० मिमीचं कोरडं काँक्रीट, ज्याला साइटवर डीएलसी म्हणतात, असं धरा. झाले ३०० ते ३५० मिमी, म्हणजे एक ते सव्वा फूट. जुना रस्ता तेवढा खोदून उचलला नाही, तर नवा तेवढाच वर येणार. डांबराचं नुसतं मिलिंग केलं, म्हणजे मशीनने वरचा थर खरवडला, तर दोनेक इंच निघतात. उरलेले दहा इंच तुमच्या गेटच्या नशिबी. जुन्या लेआउटमधली बरीच घरं त्या काळच्या रस्त्यापेक्षा दीड-दोन फुटांचीच उंची धरून बांधलेली आहेत. त्यातला फूटभर असाच गेला की कम्पाउंडमधलं पाणी बाहेर जायचं सोडून बाहेरचं आत येऊ लागतं.

मग खोदत का नाहीत? खोदाई केली की मलबा उचलून नेण्याचा खर्च आला. खाली नळाची लाइन, केबल, सांडपाण्याची गडर लाइन उथळ पडलेली असते, ती फुटली की काम थांबलं. शिवाय शहरात ठिकठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती काढून मुरूम भरून दाबावा लागतो. जुन्या डांबराचा घट्ट थर तसाच ठेवून त्यावर ओतणं ठेकेदाराला सोपं आणि खात्यालाही सोपं. तांत्रिकदृष्ट्या ते चूकही नाही, पण दोन्ही बाजूंना घरं नसतील तेव्हा. हायवेचा विचार गल्लीत आणला की असं होतं.

म्हणून काम सुरू होण्याआधी एकच कागद मागा: रस्त्याचा उभा छेद, ज्याला इंजिनिअर एल-सेक्शन म्हणतात. त्यात सध्याची जमीन पातळी आणि तयार रस्त्याची पातळी, अशा दोन ओळी असतात. दोन्हींतला फरक तुमच्या गेटसमोर किती आहे ते बघा. सोबत अंदाजपत्रकात खोदाई किती घनमीटर धरली आहे तेही वाचा. तिथे आकडा नगण्य असेल, तर साइटवर कोणी काहीही आश्वासन देवो, रस्ता वरच येणार.

अर्ज कुठे करायचा ही नागपुरातली वेगळी डोकेदुखी. एकच रस्ता या चौकापर्यंत महापालिकेचा, पुढे नासुप्रचा म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, त्यापुढे सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. महापालिकेचे दहा झोन आहेत. आधी झोनमधल्या कनिष्ठ अभियंत्याला कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, कोणाचा एवढंच विचारा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा नगरसेवकाला पकडून पातळी विचारण्याची सोयही गेली होती. तेव्हाही चालत होता तो माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत. माहिती मिळेपर्यंत रस्ता होऊन जातो हा अनुभव नवा नाही, त्यामुळे निविदा निघताच अर्ज टाका. कायद्याच्या व्याख्येतच चालू कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. लोक फक्त झेरॉक्स मागतात आणि हा हक्क सोडून देतात.

ओतकाम सुरू झालं की डोळे उघडे ठेवा. डीएलसीवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला हवा, नाहीतर वरचा थर खालच्याला चिकटतो आणि भलतीकडे तडकतो. आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर, स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल कापायचे, तेही काँक्रीट कटर झेलण्याइतकं घट्ट होताच, काही तासांत. दुसऱ्या दिवशी दुपारी कटर आणला, तर तडा आपली जागा आधीच निवडून बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी ओतकाम चालू दिसलं तर बिनधास्त हरकत घ्या. चाळीसच्या पुढच्या उन्हात खालचं पाणी वर येण्याआधीच पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पहाटे किंवा रात्री ओतायचं, आणि पुढे किमान १४ दिवस ओलं गोणपाट. गोणपाट चौथ्या दिवशी कोरडं पडलं असेल तर तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा, दोष निवारण काळात, म्हणजे ठेकेदाराने बिघाड दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, तोच उपयोगी पडतो. हा काळ किती वर्षांचा, ते करारात लिहिलेलं असतं. अर्जात तेही विचारा.

पाणी कुठे जाणार, हा प्रश्न इतकाच महत्त्वाचा. रस्त्याचा आडवा उतार दोन टक्के, म्हणजे सात मीटर रुंदीत मधून कडेपर्यंत ७० मिमी. पण कडेच्या पावसाळी नालीचं तोंड रस्त्याच्या कडेपेक्षा उंच राहिलं किंवा गट्टूंनी (फरसबंदीच्या सिमेंट ब्लॉकनी) बुजलं, तर उतार असून नसल्यासारखा. चेंबरची झाकणंही नव्या पातळीला आणायची असतात, कित्येकदा ती काँक्रीटखाली गाडली जातात आणि पुढच्या वर्षी गडर तुंबली की रस्ता फोडावा लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचं खापर सगळं सिमेंटवर फोडू नये. त्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि आक्रसलेल्या नाग नदीला ते पाणी पेलवलं नाही. मात्र नदीपासून लांबच्या गल्ल्यांत दरवर्षी अर्ध्या तासाच्या सरीत पाणी भरतं, त्याला अंबाझरी काय करणार?

रस्ता आधीच वर आला असेल, तर गेटसमोर नालीवर पक्का रॅम्प ओतून घेऊ नका. शेजाऱ्याचं पाणी अडतं आणि नाली साफ करणाऱ्याला हात घालायला जागा उरत नाही. त्याऐवजी काढता येईल अशी लोखंडी जाळी बसवा. आणि सगळ्या गल्लीने मिळून एक मागणी लावून धरा: नालीची तोंडं रस्त्याच्या कडेच्या खाली घ्या, आणि नाली पुढे कोणत्या नाल्याला, किती उताराने मिळते ते नकाशावर दाखवा. हा नकाशाच अनेकदा कोणाजवळ नसतो.